कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी : लोहमार्गाकाठच्या उद्योगवसाहतींचा इतिहास

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज नकाशावर वेगळे दिसत असले, तरी त्यांचा पिंड एकाच खोऱ्यात घडला. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण करण्यात आला. २१ नोव्हेंबर १९६० पासून तो ‘सांगली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कृष्णामाईने या मुलखाची शेती पोसली, संत-मुनींनी संस्कार दिले आणि गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लोहमार्गाने येथील व्यापार-उद्योगाला वळण लावले. गावोगावच्या अनेक पेढ्या, अडत दुकाने आणि कापडाची दुकाने ज्या काळात उभी राहिली, त्या काळाचा इतिहास या लोहमार्गाला वगळून सांगता येत नाही. त्यातही किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी आणि सातारारोड या तीन वसाहतींची कथा विशेष बोधप्रद आहे. तिघींनाही रेल्वे सारखीच लाभली. पुढचे भाग्य मात्र सारखे लाभले नाही.

दुष्काळातून आलेला लोहमार्ग

सन १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर पडलेल्या भीषण दुष्काळाने लाखो माणसे व जनावरे दगावली. एका प्रांतात धान्य असूनही ते दुसऱ्या प्रांतात वेळेवर पोहोचू शकत नव्हते, हे त्या आपत्तीत कटुपणे सिद्ध झाले. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने अवर्षणग्रस्त भागांत लोहमार्ग बांधण्याची शिफारस केली. याच धोरणातून १८८२ साली ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली आणि पुण्याहून दक्षिणेकडे मिरज, बेळगाव, लोंढा असा मीटर गेजचा मार्ग टाकण्यात आला. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या मार्गावरून गाड्या धावू लागल्या. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला फाटा गेला, तर १९०७ साली मिरज-सांगली हा छोटा फाटा सुरू झाला. १९०८ साली सदर्न मराठा व मद्रास या दोन कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ अस्तित्वात आली. जुन्या लोकांच्या तोंडी असलेली ‘एम. एस. एम.’ ती हीच.

हा मार्ग उद्योगधंद्यांसाठी आखला गेला नव्हता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. धान्य हलविणे, सैन्य हलविणे आणि दक्षिणेतील प्रदेश जोडणे हे सरकारचे हेतू होते. कारखानदारी हा त्याचा अनपेक्षित लाभ ठरला.

शहरे बाजूला, स्थानके माळावर

या मार्गाचे एक वैशिष्ट्य असे, की वाठार सोडल्यावर कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत तो कृष्णेच्या पूर्व बाजूने चालतो. त्यामुळे नदीवरील मोठे पूल टळले. परंतु जुनी शहरे बाजूला राहिली. सातारा शहरासाठीचे जुने स्थानक शहरापासून दूर, पाडळीच्या शिवारात होते. ते साताऱ्याच्या रस्त्यावरचे स्थानक म्हणून ‘सातारारोड’ झाले. पुढे साताऱ्याला माहुलीच्या बाजूस स्वतःचे स्थानक मिळाले, तरी पाडळीच्या वस्तीला सातारारोड हे नाव कायमचे चिकटले. कऱ्हाडचे स्थानकही शहरात नसून कृष्णेपलीकडे आहे. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे प्रवासी वाठारला उतरून पुढचा घाट टांग्याने किंवा मोटारीने चढत. सांगलीसारख्या संस्थानच्या राजधानीलाही प्रारंभी मिरजेवर अवलंबून राहावे लागले.

या गैरसोयीचा व्यापाऱ्यांना त्रास झाला. मालधक्क्यापासून पेठेपर्यंत बैलगाड्या लागत. हमाली वाढे आणि माल सोडवायला उशीर झाला, तर डेमरेज भरावे लागे. परंतु याच गैरसोयीच्या पोटी एक संधी दडलेली होती. शहरात जागा महाग, गल्ल्या अरुंद, पाण्याची ओढाताण. याउलट माळावरच्या स्थानकाभोवती मैलोन्‌मैल मोकळी जमीन पडलेली. तेथे कोणी राहत नव्हते, म्हणून ती कोणाला नको होती. ज्याला कारखाना काढावयाचा होता, त्याला मात्र तीच जमीन हवी होती. अट एवढीच, की माळावर वस्ती करण्याची छाती पाहिजे आणि पाठीशी उभा राहणारा कोणी आश्रयदाता पाहिजे.

कुंडल रोडचा माळ

ही छाती लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांनी दाखविली. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु रंगांधळेपणामुळे रंगचित्रांचा मार्ग बंद झाला. त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि त्यानंतर लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षे विकलेच गेले नाहीत.

नांगराचा जम बसत असतानाच बेळगाव नगरपालिकेला उपनगरासाठी त्यांची जागा हवी झाली आणि चालता कारखाना उचलण्याची वेळ आली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कोठेही जागा निवडण्यास सांगितले. लक्ष्मणरावांनी निवडली ती कुंडल रोड स्थानकालगतची ३२ एकर ओसाड जमीन. शेजारी सुपीक शिवारे असताना निवडुंगाने भरलेला आणि सापांचे माहेर असलेला हा माळ त्यांनी पसंत केला, याचे कारण एकच, ते म्हणजे शेजारून जाणारा लोहमार्ग. पंतप्रतिनिधींनी जमिनीबरोबर दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. १० मार्च १९१० रोजी सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह या माळावर वसाहतीचा प्रारंभ झाला.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. बंधू रामूअण्णा यांनी वसाहतीची आखणी व व्यवस्था सांभाळली. शंभुराव जांभेकर यांच्यासारखे कल्पक कारागीर, हिशेब पाहणारे मंगेशराव रेगे आणि विक्री सांभाळणारे सहकारी यांच्या हातांनी कारखाना वाढला. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफांचे लोखंड दिले आणि त्याचे नांगर झाले. लढाईच्या तोफा वितळून शेतीची अवजारे व्हावीत, ही गोष्ट अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाला विशेष भावणारी आहे.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेडची स्थापना झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या या पत्रातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक विकसित झाले आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. ज्या माळावर दिवसा माणूस फिरकत नव्हता, तेथे छापलेली मासिके रेल्वेच्या टपालाने महाराष्ट्राच्या घराघरांत जाऊ लागली. नांगर, चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, लोखंडी फर्निचर आणि मग पाण्याचे पंप असा मालाचा विस्तार होत गेला. यथावकाश कुंडल रोड स्थानकाचे नावच ‘किर्लोस्करवाडी’ झाले. स्थानकावरून गावाला नाव मिळण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. येथे कारखान्याने स्थानकाला नाव दिले.

ओगलेवाडी आणि सातारारोड

कुंडल रोडचे उदाहरण समोर असताना त्याच मार्गावर आणखी दोन वसाहती उदयास आल्या. कऱ्हाड स्थानकाजवळ, औंध संस्थानच्याच हद्दीत, ओगले बंधूंनी १९१६ साली काचेचा कारखाना सुरू केला आणि ती वस्ती ओगलेवाडी झाली. काचकाम हे रेल्वेशिवाय अशक्य असे काम आहे. भट्टी अखंड पेटती ठेवण्यासाठी कोळसा लागतो, वाळू व सोडा लागतो, आणि तयार माल एवढा नाजूक, की बैलगाडीच्या लांब प्रवासात निम्मा फुटावा. या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. वीज नसलेल्या खेड्यांत मुलांचा अभ्यास, दुकानदाराचे रोजमेळ आणि रात्रीची राखण याच कंदिलाच्या उजेडात होत असे.

सातारारोड येथे धनजीशाह कूपर यांनी इंजिनिअरिंगचा कारखाना काढला. नांगर व शेतीची अवजारे, आणि पुढे तेलावर चालणारी इंजिने यांसाठी कूपर हे नाव प्रसिद्ध झाले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. हा कारखाना नंतर वालचंद उद्योगसमूहाकडे आला.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव येथे आदराने घेणे प्राप्त आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या या उद्योगपतीच्या कर्तृत्वाचा आरंभच रेल्वेपासून झाला. कापूस व सावकारीचा परंपरागत व्यवसाय सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ठेकेदारीला सुरुवात केली. पुढे बोरघाटातील बोगदे, जहाजे, विमाने आणि मोटारी असा त्यांचा पसारा वाढला. सांगलीत १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५ पासून वालचंद यांच्याच नावाने चालते. या लोहमार्गाकाठच्या कारखान्यांना अभियंते पुरविण्यात त्या महाविद्यालयाचा वाटा मोठा आहे.

मालधक्का, बिल्टी आणि फिरता विक्रेता

कारखाना स्थानकाजवळ असला म्हणजे नेमके काय साधते, हे आजच्या ट्रकच्या युगात सहजी लक्षात येत नाही. कच्चे लोखंड, कोक आणि कोळसा वाघिणी भरून थेट दाराशी येत असे. तयार नांगर गाडीत चढे, त्याची पावती म्हणजे बिल्टी टपालाने किंवा बँकेमार्फत ग्राहकाकडे जाई आणि पैसे भरून बिल्टी सोडविली, की दूरच्या स्थानकावर माल हाती पडे. समोरासमोर ओळख नसलेल्या दोन माणसांत व्यवहार होण्यास या बिल्टीने विश्वास पुरविला. कापडाच्या गाठी, हळद, गूळ आणि शेंगदाणा यांचा व्यापारही याच रीतीने चाले. एक अडचण मात्र मोठी होती. हा मार्ग मीटर गेजचा आणि पुण्यापुढे मुंबईचा मार्ग ब्रॉडगेजचा. त्यामुळे पुण्यात प्रत्येक वाघीण रिकामी करून माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. वेळ जाई, हमाली वाढे आणि फूटतूटही होई.

परंतु रेल्वे माल नेते, मालाला गिऱ्हाईक मिळवून देत नाही. ते काम फिरत्या विक्रेत्यांनी केले. या विक्रेत्यांत समाजाला भूषणभूत असलेले एक नाव आहे, ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी ओगले यांच्या काचमालाचे आणि किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव भ्रमंती केली. कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा निकटचा संबंध होता. म्हणजे या एका लोहमार्गावरील तिन्ही वसाहतींशी काम केलेला हा माणूस. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन नांगराची महती पटविताना त्यांना खेड्यातील अज्ञान व दारिद्र्य जवळून दिसले. अक्षरओळख नसलेला शेतकरी नवे अवजारही बिचकत घेतो, हे त्यांनी अनुभवले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली. या कारखान्यांतून किती नांगर आणि किती कंदील बाहेर पडले, याची मोजदाद होऊ शकेल. त्याच कामाच्या भ्रमंतीतून उभ्या राहिलेल्या शाळांनी किती घरे उजळली, याची मोजदाद करणे कठीण.

मिरज, सांगली आणि आसपासच्या पेठा

मिरज हे या सर्व मार्गांचे नाक झाले. पुणे, कोल्हापूर व बेळगावकडील मार्ग येथे मिळाले आणि १९२७ साली पंढरपूरकडून बार्शी लाइटचा नॅरो गेज मार्गही येऊन मिळाला. पुढे ब्रॉडगेज आल्यावर काही काळ तिन्ही गेजचे रूळ एकाच स्थानकात पाहावयास मिळत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयात दूरदूरचे रुग्ण येऊ शकले, ते या जंक्शनमुळेच. सतार-तंबोऱ्याचे मिरज हे वैद्यकीय नगरही झाले.

सांगलीची हळद शेजारच्या हरिपुरात जमिनीखालील पेवांत साठविली जाई आणि तेथून देशभर जाई. २००५ च्या महापुराने या पेवांची मोठी हानी केली. तरीही सांगलीच्या हळदीचा लौकिक टिकून आहे व २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. कृष्णा-वारणाकाठचा शेतकरी जैन समाज हळद पिकवीत होता, तर गुजरात-मारवाडातून आलेला व्यापारी जैन समाज पेठेत स्थिरावत होता. या दोन प्रवाहांची गाठ पडली ती पेठेत आणि मालधक्क्यावर. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. या गावाला रेल्वे नव्हती. हातकणंगले हे जवळचे स्थानक. तरीही तेथे वस्त्रनगरी उभी राहिली. रेल्वे दाराशी असणे हा मोठा आधार खरा, पण यशाची हमी नव्हे, हे इचलकरंजीने उलट बाजूने सिद्ध केले.

परीक्षेचे प्रसंग

या वसाहतींनी सुखाचेच दिवस पाहिले असे नाही. १९४२ च्या आंदोलनानंतर कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र बनले. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे तुफान सेनेच्या तरुणांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. दुष्काळासाठी आणि सैन्यासाठी टाकलेला लोहमार्ग स्वातंत्र्यलढ्याची रणभूमी झाला.

त्याहून कठोर परीक्षा ३० जानेवारी १९४८ नंतर आली. महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षांच्या श्रमांची राखरांगोळी झाली. अशा प्रसंगी वसाहत सोडून शहर गाठणे सहज शक्य होते. परंतु कारखाना त्याच जागी पुन्हा उभा करण्यात आला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांनी वसविलेली वाडी पुन्हा गजबजलेली होती.

तीन वसाहतींचा ताळेबंद

१९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. पुण्यातील माल उतरवण्या-चढविण्याचा जाच संपला. पण तोपर्यंत मालवाहतूक ट्रककडे वळू लागली होती. अंगणापर्यंत येणाऱ्या ट्रकने स्थानकाजवळच्या जागेचे जुने महत्त्व कमी केले. खरी कसोटी येथून पुढे लागली.

ओगलेवाडीचा कंदील उत्तम होता. परंतु खेडोपाडी वीज पोहोचली आणि कंदिलाची गरज ओसरली. कारखाना बंद पडला. स्थानक आजही गजबजते, वस्तीही वाढली आहे. ज्या काचेमुळे नाव मिळाले, ती काच मात्र तेथे होत नाही. सातारारोडच्या कारखान्याची मालकी बदलली आणि जिल्ह्याच्या उद्योगाचे केंद्र इतरत्र सरकले. किर्लोस्करवाडीत मात्र नांगराने सुरू झालेले काम पंपावर आले आणि आजही तेथे पंप तयार होतात. शेतकऱ्याची गरज बदलली तसा कारखान्याने माल बदलला. पूर्वी जमीन खोल नांगरणे ही गरज होती, नंतर विहिरीचे पाणी वर काढणे ही गरज झाली.

वाठार ते मिरज या टप्प्यात लहानमोठी अनेक स्थानके आहेत. लोहमार्ग सर्वांनाच मिळाला. उद्योगनगरी मोजक्याच ठिकाणी झाली. ओसाड जमीन व भांडवल विश्वासाने देणारा आश्रयदाता, भोवतालच्या माणसाच्या गरजेचा माल, तो माल घरोघर पोहोचविणारा प्रामाणिक विक्रेता आणि काळ बदलताच माल बदलण्याची तयारी, या चार गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे वाडी टिकली. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी फलाटावरची पाटी राहते आणि भट्टी विझते. व्यापारी समाजाने हा धडा विशेष लक्षात ठेवावा असा आहे. चालत्या दुकानाची जागा, वडिलांचे नाव आणि जुने गिऱ्हाईक ही मालमत्ता खरीच, पण दरवर्षी ताळेबंद नव्याने जुळवावा लागतो.

दुष्काळाच्या पोटी जन्मलेल्या या लोहमार्गाने आपला मूळ धर्म सोडलेला नाही, याची प्रचीती एप्रिल २०१६ मध्ये आली. लातूर तहानेने व्याकूळ झाले असता मिरजेहून कृष्णेच्या पाण्याच्या वाघिणी पाठविण्यात आल्या. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. ज्या दिशेने एके काळी बार्शी लाइटची छोटी गाडी रखडत जात असे, त्याच दिशेने ही जीवनदायी गाडी गेली. दीडशे वर्षांपूर्वी धान्य पोहोचविण्यास रेल्वे नव्हती म्हणून माणसे मेली. या वेळी रेल्वे होती म्हणून पाणी पोहोचले.

आज याच मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे आणि दुहेरी मार्गामुळे गाड्यांची गती वाढणार आहे. समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणी याच गाड्यांनी पुण्या-मुंबईकडे नोकरीसाठी जातात आणि सणावाराला परत येतात. जाणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण परतीची गाडीही त्याच रुळांवरून धावते, हे त्यांच्या ध्यानी असावे. कुंडल रोडला उतरलेल्या पंचवीस कुटुंबांसमोर तयार गाव नव्हते, पाणी नव्हते, सावलीही नव्हती. त्यांच्याजवळ एक नांगर होता आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारा एक राजा होता. आजच्या समाजाजवळ शिक्षण आहे, भांडवल आहे, संस्था आणि न्यास आहेत. होतकरू तरुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याच्या पाठीशी उभे राहण्याचे पंतप्रतिनिधींचे काम आता अशा संस्थांकडे आले आहे. ते त्यांनी पार पाडले, तर या लोहमार्गावर आणखी एखाद्या स्थानकाला नवे नाव मिळण्यास वेळ लागणार नाही.